गुंतवळ सोडवणारी

“काम कसलंही असू दे, पण ते उंबऱ्याच्या आतलं असावं आणि चोरीचं नसावं.”

हे ती समोरच्या बाईला म्हणाली होती, जिन्यात, दोघींच्या हातांत कचऱ्याच्या बादल्या असताना. समोरची म्हणजे समोरच्या दारातली, जिभेने तिखट, मनाने बरी. ती हसली. म्हणाली, “दोन्ही एकदम हवंय? मग उपाशी राहायचीही तयारी ठेव, डावरे.”

नवरा सोडला तर तिला सगळे डावरीच म्हणत. लहानपणी आईने मागे लागून लागून तिला उजव्या हाताने जेवायला आणि लिहायला लावलं होतं. वेणी घालायला मात्र तिला कुणीच शिकवलं नाही. ती आपली आपण शिकली, धाकट्या बहिणीच्या डोक्यावर, डाव्या हाताने. म्हणून तिची वेणी जगाच्या उलट असे. बाकीच्या बायका पेडावरून पेड नेतात, ही पेडाखालून पेड घ्यायची. ती वेणी पाठीवर चापट बसत नसे. मधोमध कणा उठल्यासारखी वर यायची. “अगं, ही वेणी आहे का सरडा?” आई म्हणायची. पण धाकटीला तोच सरडा हवा असे. दुसऱ्या कुणी केसांना हात लावला की ती असं किंचाळायची की खालच्या मजल्यावरची माणसं वर बघायची.

धाकटी वयाने वाढली होती, बाकी कशाने नाही. तिला भूक कळे, ताई कळे, पेटलेले दिवे आवडत. भीती वाटली की ती वेणीचं टोक पुढे ओढून एकेक पेड उसवत बसायची, सगळे केस मोकळे होईपर्यंत. त्यावर डावरीने एक युक्ती काढली होती. अर्ध्या वेणीपासून कापडाची पट्टी पेडांत गुंफायची आणि शेवटची गाठ वेणीच्या पोटात दडवायची. धाकटीची बोटं मग वेणीवरून फिरत राहायची, गाठ सापडायची नाही, आणि शोधता शोधता भीतीच विसरली जायची.

आई होती तोवर निभलं. आई गेली आणि धाकटी डावरीच्या दोन खोल्यांत आली. डावरीचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. डावरी स्वतः एका इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींच्या घड्या घालायची. दिवसभर घरी कुणी नसे. धाकटीला आत ठेवून बाहेरून कुलूप लावताना डावरीचा हात रोज जड व्हायचा, पण लावावं तर लागेच. एकदा धाकटीने गॅस उघडा सोडला. समोरचीला वास आला म्हणून निभावलं. पुढच्या वेळी कुलूप लावायचं राहिलं, आणि धाकटी भर रस्त्यात गाड्यांच्या मधोमध सापडली, अनवाणी, हसत, एका मोटारीच्या दिव्याला हात लावत.

“हिला काही झालं तर तू जगायची नाहीस,” नवरा म्हणाला. “आणि तू कामावर गेली नाहीस तर आपण तिघंही जगायचे नाही. मला दोन्ही बाजूंनी भिंत दिसते. तूच सांग.”

मग संस्था आली, धाकटीसारख्या बायकांना ठेवून घेणारी. गावाच्या टोकाला, उंच कुंपणाची, लांबच लांब ओसरीची. ओसरीभर फिनेलचा वास. तिथल्या मेट्रनबाई गोड बोलायच्या, पण बोलताना समोरच्याकडे बघायच्या नाहीत, किल्ल्यांच्या जुडग्याकडे बघायच्या. “घरी दिवसभर कुणी असेल त्या दिवशी बहिणीला घेऊन जा. आम्ही काय, सांभाळायला बसलोय.”

न्यायच्या सकाळी डावरीने धाकटीची वेणी घातली. केस गुडघ्यापर्यंत, घालायला वेळ लागला. घरात दुसरं कापड हाताशी नव्हतं म्हणून तिने खिडकीतल्या निळ्या रेघांच्या पडद्याची खालची दुमड टरकन फाडली आणि तीच पट्टी गुंफली. गाठ आत दडवली. “ताई, सरडा?” धाकटीने विचारलं. “हो, सरडा. पळून जाईल हं, धरून ठेव,” डावरी म्हणाली. फाटक लागलं तेव्हा धाकटीने वेणी दोन्ही मुठींत धरली होती.

पुढच्या भेटीला धाकटी तिच्या अंगाला अशी चिकटली की दोघा जणांना ओढून काढावी लागली. मेट्रनबाई म्हणाल्या, “तुम्ही आलात की ती बिथरते. सवय होऊ दे, मग या. तोवर फोन करत जा.” डावरीने ऐकलं. मोठ्या इमारतीतल्या, किल्ल्या बाळगणाऱ्या माणसांचं तिने आजवर ऐकलंच होतं.

म्हणून काम हवं होतं उंबऱ्याच्या आतलं. ते मिळालं की धाकटी घरी. इतकी साधी गोष्ट होती, आणि ती मिळता मिळत नव्हती.

घरबसल्या कमवा, असं विजेच्या खांबांवर चिकटवलेलं असे. डावरीने एकही कागद सोडला नाही. एकाने आधी सामानाची अनामत मागितली. तिने विचारलं, “काम तुमचं, घाम माझा, मग पैसे मी का द्यायचे?” तो फोन ठेवून मोकळा झाला. दुसऱ्याला तिचे हात नकोच होते, तिचं बँकेतलं खातं हवं होतं. पैसे येतील, तुम्ही पुढे पाठवायचे, त्यातला थोडा भाग तुमचा. तिसऱ्याची खोकी तिच्या पत्त्यावर यायची होती, दुसऱ्याच बाईच्या नावाने, आणि ती न उघडता पुढे धाडायची होती.

“अगं, नुसती खोकी घ्यायची आणि द्यायची. फुकटचं काम!” समोरची म्हणाली.

“त्या बाईला माहीत आहे का, तिच्या नावाने माझ्याकडे खोकी येतात ते?”

“तू पोलिसातच भरती हो बाई. मी येते तुला डबा घेऊन.”

शेवटी केसवाला भेटला. तोही समोरचीनेच आणला. तिची कुणी मावसबहीण त्याचं काम करायची. डावरी आधी त्याचा गाळा बघून आली. दारावर पाटी होती, आत पावती पुस्तक होतं, बायका येऊन माल देत होत्या आणि हिशेब घेऊन जात होत्या. अनामत नाही, खोकी नाही, खातं नाही. केसवाला हडकुळा, मऊ बोलणारा, टक्कल पडलेला.

“दादा, केस येतात कुठून?” तिने विचारलं.

“फणीतून,” तो म्हणाला. “बायका विंचरतात, गुंतवळ निघते, भिंतीच्या फटीत खोचतात नाहीतर फेकून देतात. माझी माणसं दारोदार फिरून गोळा करतात. कुणाच्या डोक्याला धक्का नाही. ती सोडवायची, लांबीप्रमाणे लावायची, जुड्या बांधायच्या. त्याचे टोप होतात. ज्यांचे गेले त्यांना मिळतात.” आणि स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवून म्हणाला, “मी सोडून.”

ती हसली. कितीतरी दिवसांनी हसली.

“केसाने गळा कापणारा नाही ना गं?” परत येताना समोरचीने विचारलं.

“सगळं बघितलं. सरळ आहे,” डावरी म्हणाली. खरंच तिने सगळं बघितलं होतं.

धुलाईखाना सुटला. आता खोलीत खिडकीपाशी चटई, चटईवर गोणी, गोणीत काळ्या ढगासारखे गोळे. दाभणाने गोळा सैल करायचा, ओढायचं नाही. एकेक केस वाट दाखवील तसं मागे जायचं. मग खिळे ठोकलेल्या फळीतून झुपका विंचरून घ्यायचा. सगळ्यात नाजूक काम शेवटी: मुळं एकीकडे, टोकं एकीकडे. ते डोळ्यांनी कळत नाही. केस दोन बोटांत धरून चोळायचा, तो आपोआप मुळाच्या दिशेने सरकतो. कापलेला, फेकलेला, कुणाचा ते माहीत नसलेला केसही सरकतो. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा डावरीच्या अंगावर काटा आला. जीव नसलेली वस्तू घराकडे निघाली होती.

हळूहळू तिला केस वाचता येऊ लागले. हा रंगवलेला, हा तापातून उठलेल्या बाईचा, ही बाई रात्री अंबाडा बांधून झोपते. घरात केस सगळीकडे झाले. भाकरीत, साबणात, नवऱ्याच्या बुटांत. “कामावर लिफ्टच्या तारा, घरी ही तार,” नवरा घास थांबवून दातातून केस ओढत म्हणायचा. पण तो चिडायचा नाही. तिने घरखर्चातला आपला वाटा पुन्हा उचलला होता, आणि दिवसभर घरात होती. तोही कामाला लागला. दाराला उंचावर कडी बसवली. गॅसच्या चाव्यांवर झाकण केलं. जुनी खाट आणून कोपऱ्यात लावली. आणि एका संध्याकाळी कुठल्याशा मोडीत काढलेल्या लिफ्टचं बटण घेऊन आला, दाबलं की लाल उजेड पडणारं. ते खाटेशेजारी भिंतीत बसवलं.

“कशाला हे?”

“तिला दिवे आवडतात ना? दाबेल. आपल्याला कळेल, जागी आहे,” तो म्हणाला, आणि उगाच स्क्रू पुन्हा पुन्हा आवळत राहिला.

त्या आनंदात डावरी बोलून गेली.

केसवाला स्वतः जुड्या न्यायला आला होता. तिची सफाई बघून म्हणाला, “ताई, तुमच्यासारखा हात माझ्याकडे दुसरा नाही. तुम्हाला गुंतवळ देणं म्हणजे सोनाराकडून खिळे ठोकून घेणं. सांगा, कसला माल देऊ?”

“लांब द्या,” ती म्हणाली. “गोळे नकोत. अखंड वेण्या मिळाल्या तर काम झपाट्याने होईल.” तेवढ्यावर थांबायचं होतं. पण त्याने हातातली जुडी उंच धरून “काय लांबी आहे!” असं म्हटलं, आणि तिच्यातली ताई जागी झाली. “हे काहीच नाही. माझ्या धाकटीचे बघाल तर! गुडघ्यापर्यंत आहेत.”

“असं? कुठे असते ती?”

तिने सांगितलं. कुंपण सांगितलं, ओसरी सांगितली, मेट्रनबाईही सांगितल्या. आता थोड्याच दिवसांत घरी येणार, हेही सांगितलं. केसवाला मान हलवत ऐकत होता. “तिथे बायका पुष्कळ असतील, नाही?” त्याने सहज विचारलं. “भरपूर,” ती म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.

काही आठवडे गेले. मग एक गोणी आली, तिला वास होता. डावरीने गोणीचं तोंड सोडलं आणि हात आत घातला. आत गोळे नव्हते. आखूड, टाळूजवळून कापलेले झुपके होते, कात्री कशीही चालवलेली. म्हाताऱ्या बायकांचे पांढरे, मधल्या वयाच्या बायकांचे राठ. एका झुपक्यात काळी पिन तशीच अडकलेली होती. वास फिनेलचा होता.

जगात फिनेल एकाच ठिकाणी वापरतात थोडंच, असं ती स्वतःशी म्हणाली. इस्पितळात वापरतात, शाळेत वापरतात. आजवर तिने प्रत्येकाला विचारलं होतं, काम कुणाचं, माल कुठला, नाव कुणाचं. केसवाल्याला मात्र त्या दिवशी तिने विचारलं नाही. तिने गोणी गच्चीवर उन्हात पसरली, आणि वास गेल्यावर कामाला बसली.

दुपारी मात्र तिने संस्थेत फोन केला.

“धाकटी बरी आहे ना?”

“आहे की.”

“तिचे केस तेवढे कापू नका हं, मेट्रनबाई. ती घाबरते.”

पलीकडे किल्ल्या वाजल्या. “अहो बाई, तुमची बहीण कुणाला हात लावू देईल तर ना! फणी दाखवली तरी चावायला येते. तिचे कोण कापतंय?”

डावरीचा जीव भांड्यात पडला. हातात तो पिनवाला झुपका होता. तिने पिन काढून खिडकीत ठेवली. बाईला परत देता आली असती तर दिली असती, असा एक वेडा विचार तिच्या मनात येऊन गेला.

त्यानंतर गोण्या वेळेवर येऊ लागल्या, आणि माल सुधारत गेला. झुपक्यांच्या जागी वेण्या. तिने मागितल्या तशाच, अखंड. बुडाशी दोरा, दोऱ्यावर गाठ, सगळ्या एकाच दोऱ्याच्या. काही वेण्यांत मधेच बोटं अडकत, तिथे केस ओढून धरल्यासारखे मुडपलेले असत. कापताना कुणीतरी मुठीत धरून ठेवले असावेत, कापणाऱ्याने नाहीतर जिचे होते तिनेच. डावरी तेवढा भाग ओल्या हाताने सरळ करायची आणि पुढे जायची. ती आता गाणं म्हणत नसे. समोरची डोकावून गेली. “काय गं, तोंड का असं? कामात खोट निघाली का?”

“काम सरळ आहे,” डावरी म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला.

रात्रीचं जेवण झाल्यावर नवऱ्याने एकदा विचारलं, “तिला आणायचं कधी? बटण गंजून जाईल.”

“हे एवढं झालं की.”

“काय एवढं?”

ती ताटं उचलू लागली. हातची गोणी संपली की जायचं, असं ती रोज ठरवायची, आणि संपायच्या आत दुसरी यायची. जायचं म्हणजे ती ओसरी बघायची होती. त्या ओसरीवर ओळीने बसलेली डोकी बघायची होती. तिने जुड्या बांधल्या होत्या, कुठली जुडी कुठल्या डोक्यावरची ते तिला ओळखता आलं असतं.

शेवटी तिने धीर करून फोन लावला. “मी बहिणीला न्यायला येते. घरी असते मी आता, दिवसभर.”

मेट्रनबाईंचा आवाज नेहमीपेक्षा गोड होता. “घाई कशाला करता? आता तर छान शांत झालीय. ओरडत नाही, चावत नाही. हात लावू देते.”

“बोलते का?”

“शांत आहे, म्हटलं ना. पुढच्या महिन्यात बघू.” आणि फोन बंद झाला. डावरीने पुन्हा लावला, वाजत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी केसवाला आला. नवरा जेवायला घरी आला होता, मोरीत हात धूत होता. केसवाल्याकडे आज गोणी नव्हती. काखेत वर्तमानपत्राचं लांबट पुडकं होतं, धरायची रीत अशी की आत काचसामान असावं.

“ताई, खास तुमच्यासाठी बाजूला काढलंय,” तो चटईवर बसत म्हणाला. “इतक्या वर्षांत एवढी लांब मी हाताळली नाही. तुम्ही म्हणाला होतात ना, लांब आणि अखंड? तेव्हापासून डोक्यात होतं. वर जरा जट झालीय. पण तुमच्या हाताला जट ती काय!”

त्याने पुडकं उलगडलं.

वेणी चापट नव्हती. मधोमध कणा उठला होता. अर्ध्यापासून निळ्या रेघांची पट्टी पेडांत गुंफलेली होती, मळून काळपट झालेली, आणि टोकाशी गाठ दिसत नव्हती. केसवाल्याच्या मागे खिडकीत पडदा हलत होता. त्याची खालची कड दुमडीवाचून सुटी होती, दोरे लोंबत होते.

डावरीने वेणी हातात घेतली. कापलेल्या तोंडापासून पहिल्या पेडापर्यंत चार बोटं नुसती जट होती, दाबलेल्या लोकरीसारखी घट्ट. हे तिला वाचता येत होतं. वेणी घातल्यानंतर तेवढे केस नव्याने वाढले होते, आणि वेणी तेवढी खाली सरकली होती. म्हणजे त्या सकाळनंतर हिच्यात कुणी फणी घातली नव्हती. कुणी सोडली नव्हती, कुणी धुतली नव्हती. पट्टीवर एका जागी कापड झिजून विरलं होतं. बोटं तिथे फिरत राहिली होती, आतली गाठ शोधत.

“ज्यांचे होते त्यांना नकोत म्हणे आता,” केसवाला म्हणाला. “बघा की, ताई. आवडली नाही का?”

तिने जटेतून एक केस काढून दोन बोटांत धरला. सवयीने चोळला. तो मुळाकडे सरकला.

“कसली एवढी नवलाई आणलीय?” नवरा ओले हात झटकत बाहेर आला. त्याने वेणी पाहिली, मग पट्टी पाहिली, मग खिडकी. “डावरे,” तो म्हणाला. या नावाने त्याने तिला कधी हाक मारली नव्हती. “डावरे, थांब. थांब, मी येतो. शर्ट घालू दे मला.” शर्ट ओढायला तो खाटेच्या कोपऱ्याकडे वळला, तेव्हा त्याचा खांदा भिंतीतल्या बटणाला लागला, आणि रिकाम्या खाटेवर लाल उजेड पडला.

“काय झालं? माल पावतीवरचा आहे हो, ताई,” केसवाला घाबरून म्हणत होता. “संस्थेचा शिक्का आहे पावतीवर. सगळं रीतसर आहे. दाखवू का?”

डावरी उठली. वेणी तिने दोन्ही मुठींत धरली होती. तिने चपलांत पाय घातले आणि उंचावरची कडी काढली. समोरची आपल्या दारात उभी होती. “एवढ्या उन्हाची कुठे गं निघालीस?” तिने विचारलं, मग तिची नजर हातातल्या वेणीवर गेली. डावरीने तिच्याकडे पाहिलं, आणि ती जिना उतरून गेली.